ओठांवरचं बोट

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, सांगलीच्या गावभागातल्या एका वाड्याच्या माडीवर, मी सत्तरी ओलांडलेल्या एका माणसाला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. समोर चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, वाजत होता. चाळीसेक माणसं, काही सतरंजीवर, काही मागच्या खुर्च्यांवर. पंखे मुद्दाम बंद ठेवले होते. उघड्या खिडकीतून नदीपलीकडच्या शिजत्या हळदीचा वास येत होता, जड आणि मातकट. चेलो एका स्वरावर इतका वेळ थांबला की ऐकणाऱ्यांचे श्वासही लांबले. मग तो स्वर सोडून तो वर सरकला आणि माझ्या उजव्या हाताला बसलेल्या चाचांच्या तोंडून "वाह" निघालं. मोठ्यानं नव्हे, उसासा टाकावा तसं. त्यांचा उजवा हात छातीपर्यंत उचलला गेला होता, बोटं अर्धी उघडी. मी झटकन मान वळवली आणि बोट ओठांवर ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, समजल्यासारखी मान हलवली आणि हात खाली घेऊन मांडीवर ठेवला. त्यावर दुसरा हात ठेवला. कार्यक्रम संपेपर्यंत ते दोन्ही हात तिथेच होते.

मला ते हात अजून दिसतात.

चाचा मिरजेचे. तंबोरे करणारे. त्यांच्या वडिलांकडे माझे वडील आईचा तंबोरा जवारीसाठी, म्हणजे घोडी घासून आवाज खुलवून घ्यायला, न्यायचे. दर दोन-तीन वर्षांनी, पावसाळा संपला की. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तंबोरा, मांडीवर आडवा भोपळा, आणि एसटीच्या प्रत्येक खड्ड्याला "सांभाळ, सांभाळ" असं मला म्हणणारे वडील. दुकानात लाखेचा वास असायचा आणि लाकडाचा बारीक भुसा सगळ्यावर बसलेला, अगदी चहाच्या कपावरही. चाचा तेव्हा पोरसवदा होते. कानस घेऊन वडिलांच्या शेजारी बसायचे. घोडीवरून दोन-चार हात फिरवायचे, तार छेडायचे, कान लावायचे, पुन्हा दोन हात. तारेखाली सुताचा दोरा सरकवायचे आणि मग अचानक तो मुका, लाकडी आवाज उघडायचा. एका तारेतून चार-पाच स्वर गुंजायला लागायचे. मला वाटायचं, हा माणूस तंबोऱ्याला जागं करतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. आम्ही विश्रामबागेत बहिणीकडे होतो. परत आलो तेव्हा तंबोरा कोपऱ्यात आडवा पडलेला, भोपळ्यात गाळ, वरची फळी, तबली, उचकटलेली. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. तरी तो गाळ मी चमच्यानं काढत बसले होते, कारण पाइप लावून धुवायचा धीर झाला नाही. चाचांनी तो उन्हात धरून आतून-बाहेरून पाहिला आणि म्हणाले, "ताई, भोपळा गेला. दांडी राहील." मग मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यासाठी थांबलो. भोपळा पुरता वाळू द्यावा लागतो, त्यात घाई चालत नाही. तंबोरा घरी आला तो दीड वर्षानं. आईच्या बोटांनी गुळगुळीत झालेली दांडी तीच, भोपळा नवा. आवाज थोडा वेगळा आहे. वाईट नाही, वेगळा आहे. मला त्याची सवय व्हायला वेळ लागला, आणि सवय झाली याचंही थोडं वाईट वाटलं.

म्हणून त्या संध्याकाळी चाचांना मी स्वतः मिरजेला जाऊन बोलावलं होतं. पुढच्या ओळीत, माझ्या शेजारी बसवलं होतं.

चेलो वाजवणारी मुलगी पुण्याची. मुलगी म्हणते, पण तिशीची असेल. माझ्या भाचीची मैत्रीण. कार्यक्रमाबद्दल आम्ही जवळजवळ दोन महिने फोनवर बोलत होतो आणि सगळं बोलणं एकाच प्रश्नाभोवती फिरत होतं: काय वाजवायचं, आणि कशानंतर काय. तिच्याकडून मला कळलं की पाश्चात्त्य संगीतात छोट्या मैफलीचा कार्यक्रम हल्ली बरेचदा एखाद्या विषयाभोवती गुंफतात. पाणी, रात्र, निर्वासित, एखादं शहर. शंभर वर्षांच्या अंतरानं लिहिलेल्या चार रचना एका धाग्यात आणायच्या. मला आधी ते पटेना. आपल्या मैफलीला असा धागा लागत नाही, कारण आपल्याकडे तो घड्याळ बांधतं. संध्याकाळी मारवा किंवा यमन, रात्र चढेल तसा बागेश्री, दरबारी, आणि शेवटी भैरवी. गाणारा आणि ऐकणारा दोघंही एकाच काळोखातून जात असतात. त्यांच्या संगीताला असा प्रहर नसतो, जर्मन संगीतकार बाखची रचना सकाळी वाजवा की रात्री. मग ऐकणाऱ्याला धरायला काहीतरी द्यावं लागतं. अर्थात नुसती पाटी लावूनही विषय होतो, 'चंद्र' म्हणायचं आणि ज्याच्या नावात चंद्र आहे ते सगळं एकापुढे एक वाजवायचं. त्यात मला रस नव्हता. दोन रचनांच्या मध्ये जे शांत अर्धं मिनिट असतं, त्यात धागा आपोआप कळला पाहिजे असं मला वाटत होतं.

बोलता बोलता मी तिला तंबोऱ्याची गोष्ट सांगितली. दांडी तीच, भोपळा नवा. ती फोनवर थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मावशी, विषय मिळाला. ज्याचं मूळ गेलं आणि सूर राहिला, असं वाजवू या." आणि तिनं एका दमात चार रचना सांगितल्या. त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला होता, हे आठवतंय.

पहिली बाखची. फक्त चेलोसाठी त्यानं १७२० च्या सुमारास सहा सुईट, म्हणजे नाचाच्या चालींवरच्या तुकड्यांच्या माला, लिहिल्या. त्याच्या हातचं मूळ हस्तलिखित आज नाही. त्याची दुसरी बायको आना माग्दालेना हिनं केलेली नक्कल उरली, आणि तिच्यामुळे आपल्याला हे संगीत बरंचसं कळतं. पुढे बराच काळ लोक त्यांच्याकडे हात बसवायचे धडे म्हणूनच बघत. १८९० मध्ये बार्सेलोनाच्या एका जुन्या दुकानात पुढे मोठा चेलोवादक झालेल्या, तेव्हा तेरा वर्षांच्या पाब्लो कासाल्सला त्या सुईटची छापील प्रत सापडली. त्यानं बारा-तेरा वर्षं रोज त्यांचा रियाज केला आणि मगच लोकांपुढे वाजवल्या. एवढं थांबणं आपल्या कानांना ओळखीचं वाटतं. त्यातल्या पाचव्या सुईटमधली साराबांद, एका संथ नाचाच्या चालीचा तुकडा, त्या मुलीनं निवडली. चेलोवर दोन-तीन तारा एकदम छेडून स्वरांचे गुच्छ वाजवता येतात, पण या तुकड्यात एकही गुच्छ नाही. एका वेळी एकच स्वर. दिव्याशिवाय ओळखीच्या घरातून चालावं तसं.

दुसरी शूबर्टची. व्हिएन्नात १८२३ मध्ये श्टाउफर नावाच्या कारागिरानं आर्पेजिओने हे नवं वाद्य केलं. गिटारसारख्या सहा तारा, दांडीवर पडदे, आणि वाजवायचं गजानं. आपल्या दिलरुब्याचा लांबचा भाऊच म्हणायचा. पुढच्याच वर्षी शूबर्टनं त्याच्यासाठी सोनाटा लिहिला. तो छापला गेला १८७१ मध्ये. शूबर्ट तोवर कधीच गेला होता आणि आर्पेजिओनेही कोणी वाजवत नव्हतं. वाद्य मेलं, त्याच्यासाठी लिहिलेलं गाणं उरलं, आणि ते चेलोनं दत्तक घेतलं. सहा तारांसाठी लिहिलेलं चार तारांवर वाजवायचं म्हणजे हात फार वर न्यावा लागतो. तिचा अंगठासुद्धा तारेवर दाबलेला दिसत होता. ही गोष्ट मी माडीवर सांगितली तेव्हा चाचांनी हळूच विचारलं, "त्या कारागिराचं पुढं काय झालं?" मी म्हटलं, तो गिटारी करायचा, गिटारीत त्याचं मोठं नाव आहे. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

चहानंतर साँ-साँसचा 'हंस', तीन मिनिटांचा. प्राण्यांवरची चौदा तुकड्यांची माला त्यानं १८८६ मध्ये गंमत म्हणून लिहिली आणि आपण जिवंत असेपर्यंत ती छापायची नाही असं ठरवलं. सुटका फक्त हंसाची केली. हा तुकडा बऱ्याच जणांना ओळखीचा होता, एकदोघांनी तर गुणगुणलाही. त्याबद्दल एवढंच.

आणि शेवटी मेसियाँ.

ऑलिव्हिए मेसियाँ हा फ्रेंच संगीतकार, सैन्यात असताना, १९४० मध्ये जर्मनांच्या हाती सापडला. गोर्लिट्सच्या युद्धकैदी छावणीत त्याला एक व्हायोलिनवाला, एक क्लॅरिनेटवाला आणि एक चेलोवाला असे कैदी भेटले. पियानोवर तो स्वतः. या चार वाद्यांसाठी त्यानं काळाच्या अंतावरचं क्वार्टेट लिहिलं आणि १५ जानेवारी १९४१ ला, कडाक्याच्या थंडीत, कैद्यांपुढे ते वाजवलं. मला त्यात सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट वेगळीच आहे. त्याच्या पहिल्या भागात पियानोची लय ज्या तीन तालांवर बांधलेली आहे त्यांची नावं रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश. हे ताल शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर'मधले. तेराव्या शतकात, यादवांच्या देवगिरीत, आपल्या दौलताबादेत बसून त्यानं एकशेवीस देशी तालांची यादी लिहिली. ती कुठल्या कुठल्या ग्रंथांतून फिरत पॅरिसला पोचली, तरुण मेसियाँला सापडली आणि तिथून बर्फातल्या कैद्यांच्या छावणीत. देवगिरीचं राज्य गेलं, त्या तालांत गाणारे गेले. चाल राहिली.

आमच्याकडे चार वाद्यं नव्हती, म्हणून फक्त पाचवा भाग होता, चेलो आणि पियानोचा. पियानोही खरा नव्हता, भाड्यानं आणलेला इलेक्ट्रॉनिक. या भागावर मेसियाँनं लिहून ठेवलंय, अनंत संथ. त्याची सुरावट मुळात पाण्याची आहे. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात सेन नदीवर कारंज्यांचा खेळ होता, त्यासाठी त्यानं ती सहा विजेच्या वाद्यांसाठी लिहिली होती. कारंजी थांबली, प्रदर्शन उठलं, युद्ध आलं, आणि छावणीत त्याला तीच चाल आठवली. १९३७ म्हटलं की मिरजेत दुसरंच आठवतं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब प्रवासात, दक्षिणेतल्या एका लहानशा स्टेशनावर गेले, आणि त्यांना मिरजेत आणून दर्ग्यात दफन केलं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. माझ्या डोक्यात मात्र त्या शेजारी शेजारी बसल्या आहेत.

आणि याच तुकड्यात चाचा "वाह" म्हणाले.

मी असं का केलं याचा विचार गेले कित्येक दिवस सुटत नाही. मला त्या मुलीची लाज राखायची होती का? पुण्याहून गाडीच्या मागच्या सीटवर चेलोला पट्टा बांधून ती आली होती. शहाबादी फरशीवर चेलोचा खालचा दांडा घसरायला लागला तेव्हा खुर्चीच्या पायाला सुतळी बांधून तिनं आनंदानं सोय करून घेतली होती. तिच्या संगीताचा नियम आपण मोडू नये असं मला मनापासून वाटत होतं. या संगीतात मध्ये बोलत नाहीत, टाळ्या वाजवत नाहीत, हे मी सुरुवातीला सगळ्यांना सांगितलंही होतं. आणि ती शांतता मला आवडते, हेही खरं. अनंत संथ अशी सुरावट मोटारसायकलच्या हॉर्नमधून आणि मोबाइलच्या घंटीमधून ऐकवत नाही. शांतता ही त्या रचनेची फरशी आहे, तिच्यावरच ती उभी राहते.

पण नंतर मी वाचायला लागले आणि माझाच नियम मला टोचायला लागला. हा नियम तिकडेही मागाहून आलेला आहे. जुलै १७७८ मध्ये मोझार्टनं पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं. नव्या सिंफनीत एक जागा लोकांना आवडणारच हे त्याला ठाऊक होतं, आणि ती आली तेव्हा वाजणं चालू असतानाच लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो रागावला नाही, हरखला. म्हणून ती जागा त्यानं शेवटाकडे पुन्हा आणली होती. म्हणजे दाद मागणारं संगीत तिकडेही होतं. ज्या संगीताला चेंबर म्युझिक म्हणतात ते तर मुळात खोलीतलं. घरातलं. चार माणसं वाजवणार, दहा ऐकणार, गुडघ्याला गुडघा लागणार. आपली बैठकच. मग बैठकीत आलेल्या माणसाला मी सभागृहाचा कायदा का दाखवला?

मी सात-आठ वर्षांची असताना वडिलांनी मला दर्ग्यातल्या उरुसाला गाणं ऐकायला नेलं होतं. चिंचेच्या झाडाखाली सतरंज्या, वर पिवळे दिवे, रात्रीचे दोन-अडीच. मी त्यांच्या मांडीला टेकून अर्धवट झोपेत होते. कोण गात होतं ते आठवत नाही. एकदा सगळे एकदम "क्या बात है" म्हणाले आणि मी दचकून उठले. मग मीही "वाह" म्हटलं. पण उशिरा, सगळे शांत झाल्यावर, एकटीनंच. दोन-चार माना वळल्या. वडिलांनी मला दटावलं नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि समोर बघत राहिले. गाणाऱ्या बुवांनी माझ्या दिशेनं मान लववली आणि पुढची तान घेतली. घरी येताना वडील म्हणाले, "दाद आधी आत यावी लागते, मग तोंडातून. तुझी उशिरा आली, पण आली." एवढंच. चाचांची दाद तर उशिरा आली नव्हती. ती नेमकी जागेवर होती. सूर बदलला त्याच निमिषाला. चाळीस माणसांत तो सूर कुठे गेला ते एकट्या चाचांना कळलं होतं, आणि माझं लक्ष चाचांकडे होतं.

कार्यक्रम संपल्यावर लोक चेलोभोवती गोळा झाले. चाचाही आले. त्यांनी मोबाइलचा दिवा लावला आणि चेलोच्या पोटावरच्या वळणदार फटीतून आत डोकावून पाहिलं. बराच वेळ. "आत काठी उभी आहे. सरस लावलाय?" मुलगी म्हणाली, नाही, ती वरच्या आणि खालच्या फळीत नुसती दाबून उभी असते. सगळ्या तारा एकदम सैल केल्या तर पडूसुद्धा शकते. ती जागची केसभर हलली तरी आवाज बदलतो. फ्रेंच लोक तिला वाद्याचा आत्मा म्हणतात. चाचा म्हणाले, "आमच्यात घोडीवरच्या दोऱ्याला जीव म्हणतात. तोपण केसभरच सरकवायचा." मग लाकडाची चौकशी झाली. वरची फळी स्प्रूसची, पाठ मेपलची. त्यांनी पाठीवर बोटाच्या पेरानं हलकेच टिचकी मारली, ऐकलं, तिला म्हणाले, "पावसाळ्यात आणू नका इकडं." तारा जुळवताना तिनं दोन-दोन तारांवर एकदम गज फिरवला होता तेही त्यांच्या लक्षात होतं. "सा-प सा-प करत खालपर्यंत गेली पोरगी. बरोबर लावलं." ते वाद्याबद्दल बोलले, सरसाबद्दल, गजाच्या केसांबद्दल, राळेबद्दल. गाण्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मी शेजारीच उभी होते. मुलीनं त्यांना विचारलंही, "काका, शेवटचं कसं वाटलं?" ते हसले, "चांगलं वाजवलं," आणि चपला शोधायला जिन्याकडे गेले.

मार्चअखेर मी मिरजेला गेले. तंबोऱ्याची खुंटी सैल होते असं निमित्त होतं. खुंटीला खडू लावून तेही मी घरी करू शकले असते. दुकानात ऊन आत आलं होतं आणि भुसा त्यात तरंगत होता. भिंतीवर नव्या भोपळ्यांची रांग टांगलेली, वाळत. चाचा एका तंबोऱ्याची जवारी काढत होते. मी खुंटीचं सांगितलं, त्यांनी ती काढून पाहिली, खडू चोळला, पुन्हा बसवली. पैसे घेतले नाहीत. चहा आला. मग मी मोबाइल काढला आणि म्हटलं, "चाचा, त्या दिवशीचं शेवटचं पुन्हा ऐकायचंय?" ते मान डोलवून काम करत राहिले. मी लावलं. मोबाइलच्या त्या एवढ्याशा भोकातून चेलोचा खालचा आवाज येतच नव्हता, नुसती वरची तार, कुठेतरी लांब कोणी रडत असल्यासारखी. बाहेर रिक्षा, समोरच्या दुकानात रंधा. मी त्या जागेची वाट बघत होते. सूर थांबला, लांबला, वर सरकला. चाचांच्या हातातली कानस थांबली. पण ते काही बोलले नाहीत.

तुकडा संपला. मी फोन बंद केला.

"यात नाही कळत," ते म्हणाले. "खर्ज येत नाही. त्या पोरीला परत बोलवा."

"बोलावणारच आहे. पावसाळा झाला की. याल ना?"

"येईन की." त्यांनी तार छेडली, कान जवळ नेला, घोडीवर फुंकर मारली. भुसा उडाला. "पण मी मागं बसतो, ताई. पुढून आवाज जातो माझा."

मला काय बोलावं ते सुचेना. चहाचा कप हातात तसाच होता, त्यावर भुशाची बारीक साय धरली होती. "नाही चाचा," मी म्हटलं, "पुढंच बसा. माझ्या शेजारी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग दोरा बोटात धरून तारेखाली केसभर सरकवला.